बस्टर कीटनची भिंत: एका मूकपट-खेळाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

ठरलं. ४ ऑक्टोबरला संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बस्टर कीटनच्या मूकपटांचा खेळ करायचा. त्याचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावचा. यंदा ती तारीख शनिवारी येते आणि दसरा २ तारखेला, म्हणजे मुलं सुट्टीच्या मूडमध्ये असतील. पाट्या (दृश्यांच्या मधे पडद्यावर येणारी लिखित वाक्यं) मराठीत करायच्या, पेटी आणि तबला पडद्याशेजारी बसून वाजणार. आपल्या गावात असा खेळ लावावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही वही ठेवतोय. जे फसेल तेही इथेच लिहीन.

चॅप्लिन आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. कीटनचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही, आणि याचं मला फार वर्षांपासून वाईट वाटतं. चेहऱ्यावर हसू न आणता माणसाला पोट धरून हसवणारा हा गडी आपल्या लोकांना आवडेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२० जुलै

आजचा दिवस प्रती शोधण्यात गेला. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९२० च्या दशकातल्या मूळ चित्रपटांची अडचण नाही. पण एक खाचखळगा आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक प्रतींवर अलीकडच्या काळात संगीत बसवलेलं असतं आणि त्याचे हक्क जिवंत असतात. म्हणून मी आवाज पूर्ण काढून टाकला. पेटी-तबल्याचं कारण हौसेइतकंच हेही आहे.

निवड: ‘वन वीक’ (१९२०), ‘शेरलॉक ज्युनिअर’ (१९२४) आणि ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’चं (१९२८) शेवटचं वादळ. ‘द जनरल’ लावायचं मनात खूप होतं. त्यात ऑरेगॉनमधल्या नदीवरचा जळता पूल खरोखरच्या रेल्वे इंजिनासकट कोसळतो. पण तो सव्वा तासाच्या वरचा आहे आणि शेवटी मुलं घरी वेळेवर जायला हवीत. सोडला.

‘द प्लेहाउस’ (१९२१) ही यादीत होता. रंगमंचावर नऊ कीटन एकाच वेळी दिसतात. कॅमेरामन एल्गिन लेसलीने भिंगापुढची एकेक पट्टी उघडत आणि रीळ दर वेळी मागे गुंडाळत ते हाताने चित्रित केलं. एका खेपेला हात चुकला असता तर आधीच्या सगळ्या खेपा वाया. तंत्र पाहून मी थक्क झालो. पण त्यात काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात. तो त्या काळच्या अमेरिकी रंगभूमीचा कुरूप भाग आहे. मुलांपुढे ते न बोलता दाखवायचं नाही, आणि बोलत बसलो तर खेळाचा जीव जातो. काढला.

३ ऑगस्ट

सबंध रविवार वेगात गेला.

‘वन वीक’च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत आणि दोन्हींच्या लांबीत जवळजवळ पाच मिनिटांचा फरक. आधी वाटलं एकीत दृश्यं कापली आहेत. शेजारी शेजारी लावून पाहिलं तर दृश्यं तीच. फरक वेगाचा निघाला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे सेकंदाला किती फ्रेम (सुटी चित्रं) हे ठरलेलं नव्हतं. सरसकट २४ ने दाखवलं की माणसं किड्यांसारखी तुरुतुरु पळतात.

मग मी चूक केली. सगळाच चित्रपट १६ वर आणला. घरातली दृश्यं सुंदर दिसायला लागली, पण वादळात घर गरगर फिरतं ते दृश्य मेलं. पाठलाग आणि धावपळ त्यांनी मुद्दाम कॅमेरा सावकाश फिरवून वेगवान केली होती, आणि मी त्यांचीच मेहनत पुसत होतो. शेवटी २० वर थांबलो.

दुसरी चूक: वेग कमी करताना सॉफ्टवेअरमध्ये दोन फ्रेम एकमेकांत मिसळण्याची सोय आपोआप चालू राहिली. हात हलला की त्याच्यामागे भुतासारखा दुसरा हात. ती बंद करून, फ्रेम नुसती पुन्हा दाखवायची, असं केलं की नीट होतं. साडेसहा तास गेले.

१० ऑगस्ट

पाट्यांचं काम. जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं फुटली. ‘लग्न’चा ग पाय मोडून न पासून वेगळा उभा, रफार भलत्याच अक्षरावर, आणि वरच्या ओळीची वेलांटी कापलेली. दोन संध्याकाळी फॉन्ट बदलत बसलो. उपाय साधा आहे: प्रत्येक पाटी चित्र म्हणून वेगळी तयार करा आणि ते चित्र चित्रपटात घाला. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही असतात.

पाटी किती वेळ ठेवायची? मूळ पाटी जितका वेळ होती तितकीच ठेवली तर माझी आई निम्म्यावरच पोहोचायची. आता मोठ्याने सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ देतोय.

१७ ऑगस्ट

भाषांतर. पहिला खर्डा मी शब्दाला शब्द लावून केला होता, तो आज फाडून टाकला.

‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये नायक सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवतो आणि झाडलोटही करतो. डोक्यात मात्र गुप्तहेर व्हायचं वेड. त्याच्या पुस्तकातला पाचवा नियम सांगतो की संशयिताच्या मागे सावलीसारखं लागावं. पुढच्या दृश्यात तो खरोखरच त्या माणसाच्या मागे वीतभर अंतरावरून, त्याच्याच पावलाशी पाऊल जुळवून चालतो. इथे मराठी अगदी तयार होती: ‘सावलीसारखं पाठीशी राहा.’ एवढंच. पाटी जाते आणि सावली चालायला लागते.

सुरुवातीच्या कचऱ्याच्या दृश्यावर मात्र बराच अडलो. झाडताना त्याला एक डॉलर सापडतो. मुलगी येते, तिचा डॉलर हरवलेला. तो विचारतो, कसा होता? माझं आधीचं वाक्य होतं: ‘कृपया त्याचं वर्णन कराल का?’ सरकारी अर्जासारखं. आता केलंय: ‘कसा होता, सांगा.’ डॉलरचा रुपया करावा का, यावर घरात वाद झाला. नाही केला. गोष्ट त्यांच्या देशातली आहे, तशीच राहू दे.

एक जागा अशी की जिथे पाटीच नको होती. ‘वन वीक’मध्ये नवरा-बायकोला लग्नात घर भेट मिळतं, तेही खोक्यांमध्ये सुटं, आकड्यांच्या क्रमाने जोडायचं. जळकुटा माणूस रंगाचा ब्रश घेऊन खोक्यांवरचे आकडे बदलतो. इंग्रजी १ म्हणजे नुसती उभी रेघ. तिला आणखी दोन रेघा जोडल्या की इंग्रजी ४. ३ चा ८ करतो. देवनागरीत १ चा ४ होत नाही. मी घाबरून तिथे खुलाशाची पाटी घातली. आमच्या माईंना (शेजारच्या, वय ७४) दाखवलं. त्यांनी ब्रश हातात आलेला पाहिला आणि म्हणाल्या, “मेल्यानं आकडा बदलला बघ!” पाटी त्यानंतर आली. हसून झाल्यावर विनोद समजावून सांगितला जात होता. काढली.

आणि हे पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट सापडली. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये गरीब नायक एक डॉलरच्या चॉकलेटच्या डब्यावर पेन्सिलने १ चा ४ करतो, मुलीला भारी वाटावं म्हणून. चार वर्षांनी तीच दोन रेघांची युक्ती. पहिल्या वेळी शत्रू करतो आणि घर वाकडं होतं. दुसऱ्या वेळी नायकच करतो, आणि तेच त्याच्यावरच्या चोरीच्या आरोपाला पुरावा ठरतं.

कीटनने एका मुलाखतीत सांगितलं होतं की सरासरी चित्रपटात २४० पाट्या असत आणि त्याने स्वतः जास्तीत जास्त ५६ वापरल्या. हे वाचून माझ्या पाट्यांची यादी पुन्हा काढली. कात्री बरीच चालली.

३१ ऑगस्ट

गणपती. दोन आठवडे काहीच नाही. प्रोजेक्टर, स्पीकर, इन्व्हर्टर सगळं मंडळांकडे. ज्यांना सप्टेंबरात चाचणी घ्यायची असेल त्यांनी जुलैतच बुकिंग करावं.

७ सप्टेंबर

पहिली चाचणी. पूर्ण फसली. मोकळेपणाने लिहितो.

मी आधी २२ मिनिटांचं भाषण ठेवलं होतं, स्लाइडसह. कीटन आई-वडिलांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर, तिघांचं ‘द थ्री कीटन्स’. बाप त्याला स्टेजवरून फेकायचा आणि पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना मागे सुटकेसचं हँडल शिवलेलं. पडल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत, हे तिथेच कळलं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट-दिग्दर्शक रॉस्को आर्बकल भेटला, ‘द बुचर बॉय’मध्ये पहिलं काम, आणि कॅमेरा आतून कसा असतो हे बघायला त्याने तो खोलून पाहिला. मला यातली प्रत्येक गोष्ट प्रिय आहे.

हॉलमध्ये अकरा मुलं आणि सात मोठी माणसं होती. दहाव्या मिनिटाला मुलं पाणी प्यायला म्हणून खाली गेली आणि परत आली नाहीत. माई शेवटपर्यंत बसल्या आणि मग म्हणाल्या, “त्याच्या आईबापाचं नाव कळून मला काय करायचंय? तो पडतो कसा ते दाखव ना.”

रात्री भाषण फेकून दिलं. ठेवली एकच गोष्ट, सुटकेसचं हँडल, तीही दोन वाक्यांत.

१३ सप्टेंबर

भाषणाऐवजी काय, याचं उत्तर आज मिळालं: भिंत.

१९१९ च्या आर्बकलच्या ‘बॅक स्टेज’मध्ये नाटकाचा सेट कोसळतो. आर्बकल गात उभा आहे, घराच्या दर्शनी भागाचा पडदा त्याच्यावर येतो आणि खिडकीची रिकामी जागा बरोबर त्याच्या अंगावरून जाते. कीटन त्या चित्रपटात आहे. पुढच्याच वर्षी ‘वन वीक’मध्ये त्याच्या स्वतःच्या वाकड्या घराची भिंत पडते आणि खिडकी त्याला वाचवते. मग १९२८ मध्ये ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’: सॅक्रामेंटो नदीकाठी गाव उभारलं, विमानाच्या इंजिनांनी वारा आणला आणि दुमजली घराचा दर्शनी भाग, जो साधारण दोन टनांचा होता असं सांगतात, सलग त्याच्यावर पाडला. वरच्या खिडकीची चौकट त्याच्या खांद्यापासून काही इंचांवरून गेली. तो हलला असता तर संपला असता.

नऊ वर्षांत एकच युक्ती नाटकाच्या हलक्या पडद्यापासून खऱ्या भिंतीपर्यंत आली. त्याची सगळी कारकीर्द त्यात दिसते, आणि मला एक शब्दही बोलावा लागत नाही.

चूकही लगेच केली. तिन्ही तुकडे एकापाठोपाठ जोडून सुरुवातीला ठेवले. घरच्यांना दाखवलं तर सगळे खूश, पण मग ‘वन वीक’ लावला तेव्हा त्यातल्या भिंतीला कुणी दचकलं नाही. आता क्रम असा: आधी ‘बॅक स्टेज’चा एका मिनिटाचा तुकडा, मग ‘वन वीक’ सबंध, मग मध्यंतर, ‘शेरलॉक’, आणि शेवटी वादळ. भिंती एकमेकींपासून लांब ठेवल्या. ज्याला आठवेल त्याला आठवेल.

१४ सप्टेंबर

पडदा. मांजरपाट आणला, १० फूट रुंद आणि साडेसात फूट उंच शिवून घेतला. शिंप्याने जोड मधोमध उभा घेतला. तो बरोबर कीटनच्या नाकावरून जातो. आणि ज्या माणसाचा चेहरा न हलता सगळं सांगतो तिथे नाकावरची ती शिवण चालत नाही. उसवून पुन्हा आडवा जोड, खालून दीड फुटावर. कापड पातळ, प्रकाश आरपार जात होता; दुहेरी केलं. पैसे आणि दिवस, दोन्ही गेले.

२० सप्टेंबर

अण्णांबरोबर पहिली बैठक. अण्णा भजनी मंडळात चाळीसेक वर्षं पेटी वाजवतात, तबल्यावर त्यांचा पुतण्या. चित्रपट लावला आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक पडण्यावर तबल्याची थाप, प्रत्येक पळण्यावर द्रुत लय. दहा मिनिटांत मला थकवा आला. लोक हसायच्या आधी थाप सांगते की हसा.

हे वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगावं कळेना. शेवटी आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा लावलं आणि गप्प बसलो. अण्णा पाहत राहिले. मग म्हणाले, “अरे, हा स्वतःच तालात आहे. आपण ठेका धरायचा नाही, नुसता सूर धरायचा.”

त्यानंतर काम सरळ झालं. घराच्या दृश्यांना पेटीवर सावकाश चाल, पाठलागाला तबला पण समेवर जोर न देता. शेवटच्या भिंतीला काय? अण्णांनीच ठरवलं: भिंत हलायला लागली की हात उचलायचा आणि तो चालायला लागेपर्यंत परत ठेवायचा नाही.

२८ सप्टेंबर

नवरात्र. अण्णांना रोज रात्री कुठेतरी भजन. दुसरी बैठक झालीच नाही. त्यांना मोबाइलवर चित्रपट पाठवला. त्यांनी पुतण्याबरोबर घरी दोनदा पाहिला म्हणाले. विश्वास ठेवला.

३ ऑक्टोबर

प्रोजेक्टर आला. लावला तर कीटन जाडा दिसतोय. भाड्याच्या प्रोजेक्टरने चौकोनी चित्र आपोआप रुंद पडद्यासाठी ताणलं होतं. मेनूत शोधून ‘झूम’ केलं तर ताण गेला पण वरचा भाग कापला, आणि कापला गेलेला भाग म्हणजे नेमकी ती वरची खिडकी. भिंत पडते आणि तो का वाचला ते कळतच नाही. दीड तास गेला. शेवटी रुंदी-उंचीचं चार-तीनचं प्रमाण सापडलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, राहू द्या. हे सगळ्यात आधी तपासा.

४ ऑक्टोबर, रात्री

६४ माणसं आली. मी ४० खुर्च्या मांडल्या होत्या, बाकीच्यांसाठी सतरंज्या.

‘बॅक स्टेज’च्या तुकड्यावर मुलं हसली. ‘वन वीक’ फार छान गेला. शेवटी घर रेल्वेरुळांवर अडकतं, गाडी येते, शेजारच्या रुळावरून निघून जाते. सगळा हॉल सुटल्याचा श्वास सोडतो आणि दुसरीकडून येणारी गाडी घराचा चक्काचूर करते. तिथे मागच्या बायका इतक्या जोरात ओरडल्या की खालचा शिपाई वर आला.

‘शेरलॉक’च्या वेळी पाऊस सुरू झाला. वर पत्रा. पेटी ऐकूच येईना. अण्णा दहा मिनिटं वाजवत राहिले आणि मग त्यांनी भाता मिटला. नायक झोपेत चित्रपटात शिरतो आणि त्याच्याभोवतीची दृश्यं बदलत जातात, बाग, कडा, सिंह, बर्फ, समुद्रातला खडक. त्याची जागा प्रत्येक वेळी मोजमापाच्या यंत्राने जुळवली होती. हा भाग पावसाच्या आवाजात गेला. लोक पाहत होते, पण हसण्याचा आवाज एकमेकांना ऐकू येत नव्हता आणि मूकपटात शेजारच्याचं हसू फार लागतं. मग वीज गेली. इन्व्हर्टर माझ्याकडे नव्हता. ११ मिनिटं अंधार. काही जण घरी गेले.

पाण्याच्या टाकीच्या दृश्यात मी लोकांना सांगितलं की इथे पाण्याच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला, मान मोडली होती आणि हे त्याला बऱ्याच वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. सांगायला नको होतं. पुढची दोन मिनिटं कुणी हसलं नाही.

वादळ लागेपर्यंत पाऊस ओसरला. अण्णांनी पेटी पुन्हा उघडली. हॉस्पिटलचं छप्पर उडालं, तो पलंगासकट रस्त्याने वाहत गेला. मग तो घरासमोर, भिंतीकडे पाठ करून, मान चोळत उभा राहिला आणि अण्णांचा हात वर गेला. भिंत आली. पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग दुसऱ्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, “अगं बाई.” तो चालायला लागला आणि पेटी सुरू झाली.

खेळ संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “ती पहिल्या सिनेमातली भिंतच मोठी केली ना?” एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

माईंनी विचारलं, “पुढे काय झालं रे त्याचं?” सांगितलं: ‘स्टीमबोट बिल’च्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्याने एमजीएम या चित्रपट कंपनीशी करार केला, स्वतःचा स्टुडिओ गेला आणि काय करायचं ते ठरवायचा हक्कही गेला. त्याने पुढे त्याला आयुष्यातली सर्वांत मोठी चूक म्हटलं. दारू, घटस्फोट, १९३३ मध्ये नोकरीवरून काढलं. नंतर दुसऱ्यांसाठी विनोद लिहिले. जुने चित्रपट लोकांनी पुन्हा पाहिले, १९६० मध्ये सन्मानाचं ऑस्कर मिळालं, १९६६ मध्ये गेला. माई म्हणाल्या, “म्हणजे बघून गेला.” हो, म्हटलं. बघून गेला.

६ ऑक्टोबर

हिशोब. मांजरपाट १,१४० रुपये, शिलाई दोनदा मिळून ४००, प्रोजेक्टर दोन दिवस ३,०००, केबल ४५०, पत्रकं ३५०, चहा-नाश्ता आणि अण्णांची रिक्षा ८६०. एकूण ६,२००. डब्यात ४,३१५ जमले. खिशातून १,८८५ गेले. पाट्यांवर लागलेला वेळ २६ तास, त्यातले दहा तरी फॉन्टपायी.

पुढच्या वेळी: इन्व्हर्टर आधी सांगून ठेवायचा. पत्र्याखाली पावसाळ्यात खेळ लावायचा नाही. चित्रपट चालू असताना मी बोलायचं नाही.

‘शेरलॉक’ लोकांना नीट मिळाला नाही ही रुखरुख आहे. दिवाळीनंतर शाळेच्या स्लॅबच्या वर्गात तेवढाच पुन्हा लावतोय. अण्णांना विचारलं, गुरुवार सोडून कुठलाही वार चालेल म्हणाले. पडदा धुवून वाळत घातलाय.